नाथाजींची चांदीची कटोरी व इतर मालमत्ता

मी, श्रीमती राहीबाई लालासाहेब फडतरे, वय सत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाचाही दबाव नसताना लिहून ठेवत आहे. फडतऱ्यांच्या या घरात पूर्ण शुद्धीवर राहून कागद करणारी मी पहिलीच, हे अभिमानाने नमूद करते.

१. राहते घर आणि विहिरीजवळची जमीन माझा एकुलता मुलगा सुभेदार जयराज याला मिळावी. बांधावरची चिंच मी लावलेली आहे. ती तोडायची नाही.

२. पिठाची गिरणी सून शिवांजली हिची. गिरणीच्या झिजल्या दगडांना टाकी लावून खरखरीत करायला ती माझ्यापेक्षा चांगली शिकली आहे. मी गिरणी घातली तेव्हा "फौजीची बायको दळाप दळती" म्हणून हसणाऱ्यांची नावे इथे लिहिणार होते, पण त्यांच्याही घरचे दळण मीच दळले आणि कधी मापात पाप केले नाही. एवढे पुरे.

३. मालकांच्या मागे मिळालेले मिलिटरी कॅन्टीनचे कार्ड माझ्याबरोबर संपेल. त्या कार्डावर मी साबण आणला, कुकर आणला, जयराजला पहिली सुटकेस आणली. बाटली एकदाही आणली नाही. "वैनी, तुमी घेत न्हाई तर आमाला तरी द्या की" म्हणत कितीजण उंबऱ्यापर्यंत आले. सगळ्यांना पाणी पाजून परत पाठवले.

४. आता कटोरी. या घराची रीत अशी होती, की थोरल्या मुलाला दहावे वर्ष लागले की यात्रेच्या दिवशी, मटणाच्या पंगतीआधी, घरच्या कर्त्याने चांदीच्या कटोरीतून त्याला दारू पाजायची. मग तो पुरुषांच्या पंगतीत बसायचा. सासरे कै. नाथाजी यांना त्यांच्या वडिलांनी पाजली. सासऱ्यांनी माझ्या मालकांना पाजली आणि लाडका म्हणून धाकट्या दादासो भावजींनाही.

मालकांचे पोट फुगले तेव्हा मी त्यांना सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी औषधाआधी विचारले, पहिल्यांदा कधी घेतली? मालक छाती काढून म्हणाले, "धाव्या वर्षी. वडलांच्या हातनं." वडील घेतात का? "लय." मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारले, मुलगा केवढा आहे? नववे चालू आहे म्हटल्यावर ते म्हणाले, घरात आधीपासून असेल आणि त्यात लहानपणीच तोंडाला लागली, तर पुढे सुटणे फार अवघड. याला जपा.

घरी आल्यावर मी ट्रंकेतून कटोरी काढली आणि थेट सोनाराच्या पेढीवर गेले. पुढच्या यात्रेला सगळे घर उलटेपालटे झाले. कणगी उपसली, माळा धुंडाळला. गडव्यातून पाजू, असे कोणी म्हणाले तर सासरे गरजले, "कटोरीबिगर रीत न्हाई! आदी कटोरी हुडका." रीत म्हणजे रीत. त्यांचा हा हट्ट माझ्या लेकाच्या कामी आला. कारण त्या कटोरीचा सोनाराने करदोटा केला होता आणि तो जयराजच्या कमरेला होता. पोरगा तो घालून त्यांच्याच पुढ्यात हुंदडत होता. जयराज त्या वर्षी बायकांच्या पंगतीत, माझ्या मांडीला मांडी लावून जेवला. मालक पुढच्याच वर्षी गेले.

लेक भरतीला निघाला तेव्हा त्याला सगळे उघड सांगितले. म्हटले, बाकीची पोरे एखादा घोट घेऊन सुटतील, तू सुटशील याची खात्री नाही. तुझा आजा बघ, बाप बघ. तो इतकी वर्षे फौजेत आहे, बर्फात राहून आला, तोंडाला लावलेली नाही. माझ्या आयुष्याची कमाई काय, असे कोणी विचारले तर ही.

५. तो करदोटा माझा नातू वीरधवल याला द्यावा. त्याला यंदा दहावे लागले आहे. दादासो भावजींनी सगळ्यांसमोर जाहीर केले आहे, की चैत्राच्या यात्रेला नवी कटोरी घडवून नातवाची रीत करणार. जयराज सरहद्दीवर आहे आणि माझा काय भरवसा, म्हणून हा कागद यात्रेआधी केला. मी असेन किंवा नसेन, वीरधवलने आईच्या शेजारी जेवावे. मोठा झाल्यावर त्याला हे चौथे कलम वाचून दाखवावे.

६. माझ्या दहाव्याला मळ्यात कोणी बाटली फोडली तर कावळा शिवणार नाही. नंतर दर्भाचा कावळा करत बसू नका.

७. दादासो भावजींना काही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळायचे नाही तोच साक्षीदार चांगला, असे वकील म्हणाले, म्हणून त्यांनाच बोलावले.

सहीपूर्वीची भर: भावजी आज सकाळपासून न घेता आले. चौथे कलम त्यांनी दोनदा वाचले. आधी हसले, "पोराच्या कमरंला व्हती व्हय! आन् मी खुळ्यावानी कणगीत शिरलो." मग म्हणाले, "नवी कटोरी न्हाई सांगत सोनाराला. ह्ये बी लिवा." मी लिहिले. पेन हातात घेतल्यावर म्हणाले, "वैनी, माज्या येळंला तुमी या घरात आला नव्हता."

त्यांचा हात थरथरतो, म्हणून खालची सही वाकडी आली आहे. ती त्यांचीच आहे.

लिहून ठेवणार: राहीबाई लालासाहेब फडतरे

साक्षीदार:
१. दादासो नाथाजी फडतरे, वडूज
२. आकाराम धोंडीबा इंगळे, निवृत्त शिक्षक, वडूज

ठिकाण: वडूज
दिनांक: १२ मार्च २०२५