विथड्रॉ कोणी करायचं

चिरंजीव धाकटोबास,

थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद. तब्येत कशी आहे? हात अजून कापतो का? चहाची बशी धरता येते ना? मी ठणठणीत. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण.

पत्रास कारण की तुझी ताई आमच्या बिल्डिंगच्या कॅरमच्या स्पर्धेत, जोड्यांमध्ये, फायनलला पोचली. (पुन्हा वाच.) लिफ्टशेजारच्या फळ्यावर आपल्या दोघांची नावं आहेत, तुझं माझ्या खाली. (धाकटा आहेस.) मी भाजी आणायला उतरते आणि फळा वाचून वर येते, भाजी राहते.

तुझ्या पत्रात ‘मी विथड्रॉ करतो’ असं होतं. मी चौथीपर्यंतची, नातीला विचारलं. ती म्हणाली, आपलं नाव आपणहून मागे घ्यायचं, त्याला विथड्रॉ म्हणतात, ते हरण्यात धरत नाहीत. शब्द मला फारच आवडला. मुलाने बातम्या लावल्या की मी खोलीतून विथड्रॉ करते, सुनेने भांडी घासायला हाक मारली की ओट्यापासून. (नात म्हणते, आजी, याला सटकणं म्हणतात.)

मग सेक्रेटरी आले. म्हणे, तुमचे बंधू आजारी आहेत असं कळलं, तेव्हा तुमची जोडी आम्हीच विथड्रॉ करतो. मी म्हटलं, साहेब, विथड्रॉ ज्याचं त्याने करायचं असतं. दुसऱ्याने केलं की त्याला हाकलणं म्हणतात. चहा न घेता गेले. नातीने मला मिठीच मारली.

तुझी,
ताई

ता. क. कोणाला सांगू नकोस, पण दोन्ही वेळा विरुद्ध जोडीनेच विथड्रॉ केलं. एका नवराबायकोचं सरावातच वाजलं, दुसऱ्या जोडीत एकाची कंबर धरली. स्पर्धेत मी अजून स्ट्रायकरला बोट लावलेलं नाही.

आणखी एक. रविवारी फायनल आहे, सकाळच्या बसने ये. कॅरमला जोडीदार समोर बसतो, आणि समोर मला तुझंच तोंड हवं. हात माझाही कापतो, घरात माहीत नाही. आपली सोंगटी कुठे जाणार हे आपल्यालाच ठाऊक नाही, तर विरुद्ध जोडी ती अडवणार कशी?

शेवटचं. तुझं पत्र मी सेक्रेटरींना दाखवलेलं नाही. सरावाचा बोर्ड एका बाजूला कलत होता, त्याच्या खाली घडी करून सरकवलंय. आता बोर्ड अगदी सपाट आहे. विथड्रॉ करायचंच असेल तर स्वतः येऊन काढून घे.