ओळंब्याचा ठोकळा

रविवार, ता. १२, दुपार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आम्ही तिघं देवाच्या दयेनं सुखरूप आहोत. वहिनीचे गुडघे आता कसे आहेत? जिना चढते का?

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कसली अडचण नाही. उलट कालपासून मन इतकं भरलंय, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. कागद घेऊन बसलो आणि हातानं आपणहून तुझंच नाव लिहिलं.

काल आम्ही किल्ला पाहिला. आठशे वर्षांचा आहे, आणि चांगलाच मोडलाय. त्याची दुरुस्ती निघाली आहे. इंजिनीअरबाईंनी मला भिंती बघायला बोलावलं होतं, म्हणून मी घरच्यांनाही घेऊन गेलो. ही म्हणाली, "जन्मभर भिंतीच बघता, सुट्टीच्या दिवशी आम्हालाही भिंतच दाखवा!" पण डबा भरून, चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात उभी तीच.

खंदकात आता गवत आहे आणि दोन शेळ्या. कमान शाबूत आहे, दार नाही. आतल्या मोठ्या दालनाचा वरचा मजला कधीच पडला, पण त्या मजल्यावरची चूल भिंतीत तशीच राहिली आहे, दोन पुरुष उंचीवर, अधांतरी. चिमी खालून बघत म्हणाली, "बाबा, इथली स्वयंपाकीण उडत जायची का?" बाईसुद्धा खळखळून हसल्या.

बाईंनी इतिहास सांगितला. एका सरदारानं किल्ला बांधला. पुढे सात महिने वेढा पडला, पण शत्रूला एक दगड हलवता आला नाही. मग सरदाराचं घराणं संपलं, छप्पर गेलं, आणि आसपासच्या लोकांनी घरं बांधायला दगड उचलून नेले. ही म्हणाली, "म्हणजे परक्यांना जमलं नाही ते घरच्यांनी केलं." ती सहज बोलली. मला मात्र लागलं.

एका कोपऱ्यात प्रार्थनेची खोली आहे, चटईएवढी. वर उघडं आभाळ. खिडकीच्या कोनाड्यात पाखरानं घरटं केलंय. मी हात जोडले. काही मागायचं सुचलं नाही, इतकं बरं वाटत होतं.

आता खरं सांगायचं ते.

उत्तरेच्या भिंतीत प्रत्येक दगडावर गवंड्याची खूण कोरलेली आहे, कोणाचं काम ते कळावं म्हणून. एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला शिडी. दोघं दोन टोकांनी बांधत मध्ये भेटले. माशाचे सांधे रुंद, त्यांत दगडाच्या चिपा भरलेल्या. शिडीच्या सांध्यात खिळा जाणार नाही. पण मध्ये दहा हात लांबीचा एक तुकडा असा, की खुणा माशाच्या आणि सांधे शिडीचे! मी दोनदा हात फिरवला.

"बाई, हे माशानं बांधलं होतं, पण ते वाकडं गेलं. दुसऱ्यानं पाडलं आणि त्याचेच दगड घेऊन पुन्हा उभं केलं. स्वतःची खूण एकाही दगडावर टाकली नाही."

"इतकं छातीठोक कसं सांगता?"

"माझ्या भावानं माझी भिंत अशीच उभी केली होती."

बोलून गेलो. ही माझ्याकडे बघतच राहिली. अकरा वर्षं मी तिला सांगत आलोय, की दादानं मत्सरानं माझी भिंत पाडली.

दादा, त्या भिंतीच्या वेळी वडिलांच्या ओळंब्याचा ठोकळा माझ्याकडून हरवला होता. तुला सांगायची हिंमत झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत खोक्याच्या फळीतून मी नवा कोरला, तो पितळी गोळ्याएवढाच रुंद हवा होता, पण एक सूत बारीक झाला. ठोकळा भिंतीला टेकवून गोळ्याची दोरी त्याच्यातूनच सोडायची, म्हणजे ठोकळा बारीक तर प्रत्येक थराला भिंत जराशी बाहेर येणारच. वर पोचेपर्यंत ती पुढे झुकली. मला ते दिसत होतं. मी गप्प राहिलो.

तू मालकाला सांगितलंस, "जमीन खचली." चार माणसांसमोर मी तुला वाटेल ते बोललो, तरी तू पाडत राहिलास. मग भिंतीच्या पोटातून, चुन्यातून तू काहीतरी उचललंस, झटकलंस आणि माझ्याकडे न बघता खिशात टाकलंस. मी पाहिलं होतं. तो वडिलांचा ठोकळा होता. तुला सगळं कळलं होतं, तरी तू त्याच दगडांनी भिंत पुन्हा सरळ उभी केलीस आणि कोणाला काही बोलला नाहीस. तू ओरडला असतास तर मी थांबलो असतो. त्या गप्प बसण्याचीच मला लाज वाटली आणि मी ओळंबा घेऊन निघून आलो.

काल संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." चिमीनं लगेच कागद आणून दिला.

ती उत्तरेची भिंत दोन टोकांनी दुरुस्त करत मध्ये यायचं आहे, दीड-दोन वर्षांचं काम. बाईंना दुसरा गवंडी हवा आहे. मी म्हणालो, "एकच माणूस आहे, पण त्याला विचारण्याआधी मला त्याच्याशी एक गोष्ट बोलायची आहे." त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बोला." मासा कोण आणि शिडी कोण, हे आपल्यात सांगायला नको. मधल्या दहा हातांना पुन्हा तसं काही झालं, तर या खेपेला मीच पहिला ओरडेन.

खोली रिकामी आहे. जिना नाही, वहिनीला सांग. चिमीनं काकासाठी भिंतीला खुंटी ठोकून घेतली आहे, तुझं उत्तर येण्याआधीच.

वडिलांचा पितळी ओळंबा माझ्याकडे कापडात गुंडाळलेला आहे. अकरा वर्षांत तो एकदाही भिंतीला लावला नाही. ठोकळा तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. नसेल तर नवा तूच कोर. मी कोरणार नाही.

ज्याची भिंत तू सरळ करून दिलीस, तो
तुझा धाकटा