गंजीत न घातलेला हात

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा अडतीस वर्षांचे होतात. मी आता शेहेचाळीस. वयाने तुमच्याहून मोठी झाले, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की अजून आधी शब्द जुळवावे लागतात. आज दुपारी घरात कुणी नाही. कागद घेऊन बसले आहे आणि दोनदा उठून चहा केला आहे, म्हणजे तुम्हाला कळेल की गोष्ट सोपी नाही.

बोईसरचं आपलं ते गवताचं आवार आता ओळखू येणार नाही तुम्हाला. तिथे कारखान्यातल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत आणि दोरीवर सगळीकडे निळे डगले वाळत असतात. मी तिथून जाते तेव्हा मला मात्र गवताच्या गंज्याच दिसतात. वर्गातल्या मुली मला चिडवायच्या, गवताचा कुणी व्यापार करतं का, म्हणून. पण मी कधी ठसक्यात सांगितलं नाही की मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी माझ्या बापाच्या जिवावर दूध देतात. सफाळ्याच्या भातशेतीवाल्या घरातला तुम्ही धाकटा मुलगा, अंगावरच्या कपड्यांनिशी बोईसरला आलात. डोंगरउतारावरचं गवत मक्त्याने घ्यायचं, दसऱ्यानंतर डोंगरातल्या वारली बाया-माणसांकडून कापून घ्यायचं, वाळवून आवारात गंज्या रचायच्या, मग दाबून तारेने बांधलेल्या गासड्या वॅगनमधून रवाना करायच्या. दहा-बारा वर्षांत सगळं स्टेशन तुम्हाला गवतवाले शेट म्हणायला लागलं. गवताच्या धुळीने छाती धरली होती ती तेव्हाच, पण तुम्ही खोकलात की आईला म्हणायचात, "अगं, धंदा बोलतोय."

ओलसर गवत गंजीत गेलं की आतल्या आत तापतं आणि एक दिवस आपोआप पेटतं. म्हणून तुमचा नियम होता. गंजी रचून आठ-दहा दिवस झाले की बाही वर सारून हात खांद्यापर्यंत आत घालायचा. चार बाजूंनी चार वेळा. आत ऊब लागली तर गंजी मोडायची, मग दोन दिवस का फुकट जाईनात. आणि ज्याने रचली त्याने तपासायची नाही. "स्वतःची रचलेली गंजी सगळ्यांनाच थंड लागते," असं तुम्ही म्हणायचात. तपासायचं ते तुम्ही, आणि तुम्हाला ताप चढला की मी. आईलासुद्धा तुम्ही ते काम दिलं नाही. मला त्याचा केवढा तोरा होता! तेराव्या वर्षीच तुमच्यासारखे माझे दंड गवताने ओरबाडलेले असायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर अवेळी एक सर आली. तुम्ही तापाने पडून होता. आवारातली सगळ्यात मोठी गंजी पाम गावच्या त्या माणसाने रचली होती. त्याच्यासारखा रचणारा पंचक्रोशीत नव्हता. गंजी अशी उतरती करायचा की वरून पाणी ओघळून जाई. तुम्ही मला हाक मारून सांगितलंत, "जा गं, हात घालून ये. चारी बाजूंनी."

दुसऱ्या दिवशी शाळेत तारापूरच्या वीज प्रकल्पावरचे मोठे साहेब यायचे होते. त्यांना हार घालायला मला निवडलं होतं. आईने आखूड बाह्यांचं नवं पोलकं शिवलं होतं. साहेबांची मुलगी आमच्याच वर्गात नव्याने आली होती, तिचे गोरे, गुळगुळीत हात मी रोज बघत होते. मी गंजीपाशी उभी राहिले, बाही वर केली, आणि मनगटापर्यंत हात घालून काढून घेतला. एकाच बाजूला. पामचा माणूस वर चढून सरीने सुटलेला शेंडा पुन्हा बांधत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याने वरूनच विचारलं, "ताय, गार हाय ना?"

मी म्हटलं, "हो, थंड आहे."

अण्णा, हे लिहायला मला बत्तीस वर्षं लागली: गवताला तेव्हाच गुळासारखा गोडसर वास येत होता. तो वास म्हणजे काय, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

हार छान घातला. साहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतर पाचव्या दिवशी, भर दुपारी, गंजी पेटली. तुम्ही अंथरुणातून उठून धावलात. शेजारच्या दोन गंज्या वाचवायला धुरात शिरलात, गवत ओढत राहिलात, तुम्हाला चौघांनी धरून बाहेर काढलं. तुमच्या भुवया जळल्या होत्या. संध्याकाळी पामच्या माणसाला तुम्ही सगळ्यांसमोर उभं केलंत.

"लवकर उरकायचं म्हणून खाली ओलं गवत घातलंस तू."

"नाय शेट. कोरडाच घातला मी. पोरांची आन."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "खांद्यापर्यंत हात घातला होतास ना?"

"हो, अण्णा."

"चारी बाजूंनी?"

"हो."

मग तुम्ही त्याला म्हणालात, "माझी मुलगी खोटं बोलत नाही. तिने पाहिलं तेव्हा वरचं थंड होतं, तू तळाशी दगा केलास. उद्यापासून येऊ नकोस." तो पायांत चपला घालायच्या विसरला आणि अनवाणीच निघून गेला. तुम्ही काढलेल्या माणसाला दुसरा कुठला गवतवाला ठेवून घेणार? त्याने पुन्हा कधी गंजी रचली नाही. वीज प्रकल्पावर घमेली वाहायला गेला.

तुमची छाती त्या धुरानंतर सुधारलीच नाही. पालघरच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या, मुंबईला नेऊन आणलं. शेवटी तुम्ही आडवे पडून श्वास घेऊ शकत नव्हता. एकदा दुपारी मी तुम्हाला उशांना टेकवून पेज भरवत होते, तेव्हा तुम्ही मधेच थांबून म्हणालात, "पामच्या माणसाला मी उगाच बोललो का गं? तो असं करणारा नव्हता. त्याला बोलावून घेऊ का?"

घरात आपण दोघंच होतो. तुमचा आवाज इतका मऊ होता की खरं सांगितलं असतं तरी तुम्ही रागावला नसता. मला माहीत होतं की तुम्ही रागावणार नाही. मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, "नाही, अण्णा. त्याचीच चूक होती." तुम्ही मान हलवलीत आणि पेज गिळलीत. अठरा दिवसांनी तुम्ही गेलात. रडताना मधेच माझ्या मनात आलं, आता मला कुणी विचारणार नाही. मला स्वतःची किळस आली, पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि दोन्ही खरं आहे.

गेल्या महिन्यात तो घरी आला. सत्तरीला टेकला आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. मी पाणी दिलं. तो अर्धं प्यायला, पेला हातातच धरून बसला आणि विचारलं, "ताय, येक इचारू? शेट माज्यावर रागावलेलाच गेला ना?" तोच पुढे म्हणाला, "माजाच हात चुकला आसंल कुटंतरी. मी लय इचार केला. येवडा मोटा मानूस माज्या पायी गेला."

बघा अण्णा, बत्तीस वर्षं तुमचं मरण तो स्वतःच्या डोक्यावर घेऊन जगला. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. आणि बाहेर पडलं ते असं: "नाही हो. शेवटी त्यांनी तुमची आठवण काढली होती. तुम्हाला बोलावून घेऊ म्हणत होते." यात एक शब्द खोटा नाही. खोटं बोलायची गरजच पडली नाही, अर्धं खरं पुरलं.

तो पोराटोरांसारखा रडला. मग उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुखी ऱ्हा, पोरी." मी मान खाली घालून तो आशीर्वाद घेतला.

लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की हा कागद घेऊन पामला जायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. रिक्षाने जेमतेम अर्धा तास. लग्नाला चार दिवस आहेत, आशीर्वाद परत करायला निमित्तही आहे. पण मी लग्नाला जाईन, आहेर देईन, जेवून येईन, आणि हा कागद कपाटात साड्यांखाली राहील. मला आता कळतंय की हे सगळं मी तुम्हालाच का लिहिलं. तुम्ही उठून त्याच्याकडे जाणार नाही म्हणून.