घरच्या माणसाची काच

ताई,

हे पत्र तुला मिळणार नाही, म्हणून खरं लिहितो.

तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तुझ्या यकृतातली गाठ काढली, तेव्हा तिचा पातळ काप लावलेली काच मायक्रोस्कोपखाली मीच तपासली. घरच्या माणसाची काच दुसऱ्यानं बघायची, असा आमच्या लॅबचा नियम आहे. मी कुणाला हात लावू दिला नाही. ‘दुर्मिळ, पण निरुपद्रवी’ असं लिहून मोकळा झालो.

आज तीच काच, नाव न सांगता, आमच्या प्रमुख बाईंना कौतुकानं दाखवली. त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग विचारलं, “हा पेशंट अजून जिवंत आहे?”

दुपारी तुझा फोन आला. “हल्ली दोन घासही जात नाहीत रे.”

मी म्हणालो, “उन्हाळा आहे, ताई.”

तू शिकवलेला,
तुझा धाकटा