ओरखडे राहू द्या
चिखला, शुक्रवार संध्याकाळ

आमच्या गोल्फ टीमचे कॅप्टन बोरकरभाऊ आज म्हणाले, ‘‘मॅडम, हे खरचटलेली स्टिक रविवारच्या मॅचले आणू नोका. खाणीच्या वर्कशॉपात रंगवून घ्या माझ्यावानी. नाही तर दुसऱ्याले खेळवतो मंग.’’

खरचटणारच. आमच्या मैदानात गवत कमी, मँगनीजचे खडे जास्त. पण ओरखडे स्टिकच्या तळाला आहेत. चेंडू लागतो त्या बाजूच्या, त्याला उलटी फिरकी देऊन थांबवणाऱ्या खाचा शाबूत आहेत. मग बिघडलं काय?

दोघांनी एकाच जागेवरून आपापल्या स्टिकने मारून पाहिलं. माझा चेंडू पडला तिथेच थांबला. त्यांचा घसरत नालीत गेला. रंगाने खाचाच बुजल्या होत्या!

‘‘हवा होती ना,’’ म्हणाले.

हवा? पान हलत नव्हतं.

ओरखडे राहतील. रविवारी हीच स्टिक नेणार. टीममधून माझं नाव काढायचं तर सगळ्यांसमोर काढा.