लाटीबंदीचा हंगाम

५ एप्रिल, शनिवार

आज व्यवसायाची सूत्रे रीतसर माझ्याकडे आली. माझी पत्नी ज्योत्स्ना कित्येक वर्षे घराच्या गच्चीवर उडदाचे पापड करते. मदतीला मंगलाबाई आणि तिच्याबरोबर निफाडकडून येणाऱ्या बाया. मार्केटिंग म्हणावे असे काहीही नाही. गिऱ्हाईक बायका आपापले पोळपाट-लाटणे घेऊन गच्चीवर येतात, चार पापड लाटतात, पिठाच्या लाट्या तेलात बुडवून कच्च्याच खातात, आपापल्या सुनांविषयी बोलतात आणि उठताना ऑर्डर देतात. यात कार्यकारणभाव कुठे आहे? मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. योगायोगाला पद्धत म्हणणे मला शक्य नाही.

नवउद्योजकांसाठीची मार्केटिंगची मूलतत्त्वे वाचून काढली आहेत. ती मांडणाऱ्यांना व्याख्या करता येत नाही. ते काम मीच केले. सातपूरला गाळा घेतला. पुढे काउंटर, मागे कामाची खोली, मध्ये दार. करार ज्योत्स्नेच्या नावाने, कारण कागदोपत्री उद्योग तिचा आहे.

ती म्हणाली, "हा एक हंगाम तुमचा. पण बायकांचं काम थांबलं तर त्या लासलगावला कांद्यावर जातील आणि पुन्हा यायच्या नाहीत. मग मी तुमचं ऐकणार नाही."

अट मान्य केली. भीती दाखवणे हा पुरावा नव्हे, एवढे नम्रपणे नमूद केले.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी

पहिले तत्त्व: आपला ग्राहक ओळखा. यासाठी प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न निश्चित केले. पापड हवा आहे की पापडाची केवळ इच्छा आहे? इच्छा असल्यास ती स्वतःची की शेजारणीची?

दुसरे तत्त्व: वेगळेपण सांगा. फलक तयार: "उत्तम उडदाचा पापड उत्तम असतो. आमचा पापड उत्तम उडदाचा आहे. निष्कर्ष ग्राहकाने काढावा."

तिसरे तत्त्व माझे स्वतःचे. लाटी बंद. लाटी हा कच्चा माल आहे. शिवाय चव दाखवून संमती मिळवणे म्हणजे बुद्धीला वळसा घालणे. मंगलाबाई दोऱ्याने पिठाच्या वळकटीच्या लाट्या कापत होती. हात थांबवून म्हणाली, "सर, लाटी खाल्ल्याबिगर बाई पापड घेत नाय." मी तिला अपवाद आणि नियम यांतील फरक समजावला. ती म्हणाली, "तुमचं बरोबर असंल. पण भूक लागल्यावर बाई काय फरक बघती व्हय?" मागच्या सगळ्या हसल्या. व्यावसायिक वातावरणासाठी मधले दार बंद ठेवण्याचे ठरवले.

११ एप्रिल, शुक्रवार

आमच्या घराशेजारची शाझिया आली. कंपनीत खरेदी विभागात आहे, त्यामुळे तिला किमान शिस्त कळेल अशी अपेक्षा होती. आत येताच म्हणाली, "अंकल, आधी एक लाटी द्या, मग बोलू." मी प्रश्नावली पुढे केली. ती म्हणाली, "अंकल, मी पापड घ्यायला आलेय, पासपोर्ट काढायला नाही." मग मधल्या दाराकडे बघत तिने विचारले, "आंटी आत आहेत? भेटू?" उत्पादन आणि ग्राहक यांत अंतर हवे, हे मी उदाहरणासह स्पष्ट केले. उदाहरण थोडे लांबले. ते संपले तेव्हा ती रस्त्यापलीकडे उभी राहून फोनवर बोलत होती आणि आमच्या गाळ्याकडे पाहत होती.

लक्ष वेधले गेले, हे महत्त्वाचे.

१५ एप्रिल, मंगळवार. दुपारी

इंटरनेटवर पहिला अभिप्राय. एक तारा. "पापड छान, पण काका वाद घालतात." याच विधानात वाद घातला गेला आहे, म्हणजे लिहिणारी स्वतःच्याच आरोपाला पात्र ठरते. तसे विस्तृत उत्तर दिले. त्यानंतर कोणीही काही लिहिलेले नाही. प्रतिवाद उरला नाही.

रस्ता रिकामा. ऊन इतके की समोरच्या भिंतीकडे बघवत नाही. पहिल्या पाळीचे कामगार मोटारसायकलींवरून जातात. आमच्या दारापाशी येईपर्यंत गाडी हळू होते, फलक वाचला जातो आणि वेग वाढतो. वाचकसंख्या समाधानकारक.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज खास नोंद करावी अशी प्रगती. मागच्या खोलीतील बडबड पूर्ण थांबली आहे. हसणे नाही, गाणी नाहीत, सुनांचे विषय नाहीत. लाटण्याचा आवाजसुद्धा नाही, इतकी सफाई कामात आली. फक्त पंखा ऐकू येतो. दार ठोठावून आतून होकार आल्याशिवाय आत जायचे नाही हा नियम मीच केला असल्याने तो मीही पाळतो. बाया मागच्या गल्लीतून ये-जा करतात, तेही शिस्तीतच.

घरी ज्योत्स्नेला म्हणालो, शिस्त लागली. ती म्हणाली, "बरं." तिच्या हातांना तेल आणि हिंगाचा वास होता. म्हणजे काम जोरात आहे.

२१ एप्रिल, सोमवार

पुढचा माल हललेला नाही, त्यामुळे मागून नव्या मालाची गरज पडली नाही. मागणी आणि पुरवठा यांचा असा समतोल मी ग्रंथांतही पाहिलेला नाही.

अलीकडे ज्योत्स्ना माझ्याशी वाद घालत नाही. पूर्वी प्रत्येक गोष्टीला "पण" म्हणायची. आता "बरं" म्हणते आणि ताट वाढते. जेवताना ती माझ्याकडे निरोप देताना फलाटावरून बघावे तशी बघते. दीर्घ सहवासात शेवटी मत पटते, याचा हा पुरावा. तरीही आज घास गिळताना उगाच वाटले की घरात कोणीतरी काहीतरी ठरवले आहे. ही केवळ भावना आहे. तिला आधारविधान नाही. खोडून टाकली.

२३ एप्रिल, बुधवार. दुपारी

नियम मोडला. प्रथम ठोठावले. पुन्हा ठोठावले. मग दार उघडले.

पंखा फिरत होता. पोळपाट भिंतीशी एकावर एक रचलेले, कोरडे, धूळ बसलेली. खोलीत कोणीही नव्हते. बऱ्याच दिवसांपासून नसावे. मागचे दार बाहेरून कडी लावलेले.

संभाव्य स्पष्टीकरणे: सुट्टी, सण, आजारपण. चौथे सुचले होते, ते विचारात घेतले नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

चौथेच खरे. घराकडे वळलो तर गल्लीभर हिंगाचा वास. शाझियाच्या गच्चीवर साड्या बांधून सावली केलेली, खाली बायकांची गर्दी, कोणाच्या मांडीवर पोळपाट, कोणाच्या तोंडात लाटी. मंगलाबाई ओरडून सांगत होती, "ए, तेल जपून! साडी नेसूनशान आलीया का चिंधी?" मोठा हशा झाला.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोहोचलो आणि आवाज एकदम बंद पडला. मी काही बोलण्याआधीच दोन बायकांनी पोळपाट उचलून पदर सावरला. माझ्या लक्षात आले की मी बोलावे याची त्या वाट पाहत नाहीत, तर भीती बाळगतात.

ज्योत्स्ना उठून आली. हळू आवाजात म्हणाली, "अहो, मंगलाबाई लासलगावला निघाली होती. पिशवी भरून. मी तिला अर्ध्या रस्त्यातून परत आणलं. आता या उठून गेल्या तर पुन्हा नाही आणता यायच्या. तुम्ही खाली जा." मी विचारले, आणि दुकान? ती म्हणाली, "बघते."

खाली आलो. तिसरी पायरी उतरेपर्यंत वर पुन्हा हशा सुरू झाला होता.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी अकरा

अखेर गंभीर ग्राहक. धनराज नावाचे गृहस्थ, मोबाइलचे कव्हर विकतात. स्वतःहून आत आले, एकही प्रश्न टाळला नाही, फलक संपूर्ण वाचला. मी वेगळेपणापासून ग्राहकनिष्ठेपर्यंत सर्व तत्त्वे मांडली. ते मान डोलावत राहिले आणि मधूनमधून टेपने भिंती मोजत राहिले. वस्तुनिष्ठ मनुष्य. काउंटर पक्का आहे का, असे त्यांनी विचारले. आहे, मी म्हणालो. मागची खोली पाहिली, पंखा चालू-बंद करून पाहिला.

मग त्यांनी फोन लावला. "ज्योत्स्नाताई, जागा पसंत आहे. एक तारखेपासून घेतो. फक्त सर कधी उठतील, तेवढं सांगा."

तिचे उत्तर मला ऐकू आले नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, "बरं" म्हणाले, आणि मी बसलेल्या खुर्चीसकट जागेचे माप घेतले.