एफ-टूवरचं कुंकू

खुर्सीपार, १८ सप्टेंबर १९९२, शुक्रवार संध्याकाळ

कुंकू नखातून निघून नाही राहिलं. साबण लावून झाला.

काल विश्वकर्मा पूजेत मालकांनी रोलिंग मिलच्या सगळ्या मशिनींसोबत माझ्या कॉम्प्युटरलाही टिळा लावला. तुपात कालवलेलं कुंकू, वर अक्षता, आणि तेही नेमकं एफ-टूच्या बटणावर! ते दाबलं की वजनाचा प्रोग्रॅम सुरू होतो. आमच्या पडद्यावर विंडोवर विंडो चढत नाही. नवी आली की जुन्या आकसून तिला जागा देतात.

आज दुपारी ते बटण खालीच चिकटलं. विंडो आपोआप उघडत गेल्या आणि भट्टीचं तापमान दाखवणारी विंडो दोरीएवढी बारीक झाली. आकडा दिसेना. तेवढ्यात भट्टीवर कामाला असलेल्या माझ्या दादाचा फोन.

"सुमन, तापमान किती दाखवून राहिलं? लवकर सांग न, भट्टीतून आवाज येऊन राहिला."

मी नखानं बटण उचकटलं, एकेक विंडो बंद केली. आकडा दिसला तेव्हा तो लाल झाला होता. मी फोनवर ओरडलीच. दादानं बर्नर बंद केला.

मालकांना म्हटलं, बटण पुसून टाकते. ते चिडले. "पूजा का टीका है, दशहरे तक हाथ मत लगाना."

मी काहून ऐकलं त्यांचं?

आत्ता जेवताना दादा म्हणाला, "भेऊ नको. उद्या पहिल्या पाळीत मी तुले घडीघडी फोन करून विचारत जाईन."

मी म्हटलं, दादा, उद्या माझी सुट्टी आहे. फोन कोण उचलेल?